आदी नाव लिव

आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे तिचा अंगठा. तरीही माझ्या लिहिण्यात जे काही बरं असेल ते तिनं तपासून घेतलेलं आहे, आणि तेही सुईनं. असं म्हटलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, हा अलंकारिक बोलतोय. म्हणून जे झालं ते एकदा सरळ सांगून टाकतो.

नोकरीची सगळी वर्षं मी शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं लिहिण्यात काढली. आंब्याचं कोय कलम कसं बांधावं, नारळाच्या कोंबात शिरलेला गेंड्या भुंगा कसा काढावा, कोकमाचं आगळ कसं टिकवावं. साहित्य संमेलनात ज्याला खुर्ची मिळत नाही असलं लिखाण. पण त्याला एक अट असते. वाचणाऱ्याच्या हातून ते काम झालं पाहिजे. झालं नाही तर वाक्य चुकलं, मग ते कानाला कितीही गोड लागो. ही अट मला कुठल्या प्रशिक्षणात कळली नाही. ती कळली रत्नागिरीत, थिबा पॅलेसच्या खालच्या अंगाच्या एका वाडीत, चिऱ्याच्या घराच्या पडवीत. तेव्हा मी चौथीत जाणार होतो.

रत्नागिरीला मी गेलो तो संपामुळे. 1982 सालच्या 18 जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार. माझे वडील साचेखात्यात होते. त्यांच्या आधी आजोबाही गिरणीतच होते, आणि तिथूनच खोकत गावी येऊन गेले. आई चाळीत बदली कामगारांचे डबे करायची. जेवणाऱ्यांचेच पगार थांबले तेव्हा डबेही थांबले. एप्रिलात माझी परीक्षा झाली आणि वडिलांनी मला व धाकट्या बहिणीला परळच्या डेपोतून रात्रीच्या एसटीत बसवून दिलं. "संप मिटला की आणतो," म्हणाले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मी दहावी रत्नागिरीतूनच झालो.

कोकण मनिऑर्डरवर जगतं, असं तेव्हा पुढारी भाषणांतून सांगत. आमच्या पाखाडीवर ते डोळ्यांनी दिसायचं. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन पाखाडी चढायला लागला की घराघरांतून म्हाताऱ्या बेड्यापाशी येऊन उभ्या राहत. त्या वर्षी फेब्रुवारीपासून तो नुसता चढायचा आणि उतरायचा. पुढे पुढे तर लोकांना तोंड कसं दाखवू म्हणून तो खालच्या वाटेनं जायला लागला, असं आजी सांगे. अशा घरात आम्ही दोन तोंडं आणखी वाढवली.

आजी काटक, काळीसावळी, कासोट्याची, कमरेला पानाची चंची. स्वभावानं गोड अजिबात नव्हती. नातवंडांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारी आजी पुस्तकात असते; आमची आजी आम्हाला समोर बसवून सुईत दोरा ओवायला लावायची, आणि ओवायला वेळ लागला तर शिव्या द्यायची. पण तिचा हात कधी रिकामा मी पाहिला नाही. लोक तिच्या या सगळ्याला 'तिचा नाद' म्हणत.

तो नाद अंगणापासून सुरू व्हायचा. बाकीच्या बायका शेणाचा हात फिरवून मोकळ्या होत. आजी शेवटचा हात ओला असतानाच बोटं उघडी टाकून फिरवायची. त्याच्या कमानी उठायच्या, एकीच्या पोटात एक, दारापासून तुळशीपर्यंत. चार दिवसांत त्या पायांखाली पुसल्या जायच्या आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. पावसाच्या आधी माडाच्या झावळ्यांची झापं विणून व्हायची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पश्चिमेच्या भिंतीला झापांची झड बांधली नाही तर चिरा भिजून घरात पाणी झिरपतं. झापं सगळेच विणत. आजीच्या झापांना मात्र कडेनं वेणी असायची. कशाला, असं विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. गौरीच्या सणाला वाडीतल्या नव्या सुनांची ओवशाची सुपं तिच्याकडे रंगवायला यायची. गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला तेरडा, हरणं, कवंडळाची लालभडक फळं टांगायची असतात. त्यांच्यामध्ये ती घोटीव कागदाची फुलं अशी बसवायची की खरं कुठलं आणि कागदाचं कुठलं हे आरतीच्या उजेडात कळत नसे. काथ्याची शिंकी, मण्यांची तोरणं, आणि या सगळ्यांच्या वर गोधड्या.

गोधडीचं कापड कसलंही असो, जुनं लुगडं, शिंप्याकडची कातरण, वडिलांनी कधीकाळी आणलेले गिरणीतले तुकडे, पण दोरा तिला फुकट लागायचा. वाण्याच्या दुकानात मैद्याची पोती उसवली की तोंडशिवणीचा जाड दोरा मी गुंडाळून आणायचो. धावदोऱ्यानं कडेपासून आत, चौकोनात चौकोन घालत ती मधोमध पोचायची. एका गोधडीला पावसाचे दोन महिने जात. संपाच्या आधी ती या गोधड्या वाटायची. बाळंतिणीला, सासरी निघालेल्या पोरीला, शेजारच्या म्हाताऱ्याला. संपाच्या वर्षापासून तिनं मजुरी घ्यायला सुरुवात केली. मजुरी म्हणजे बहुतेकदा पायलीनं तांदूळ, कधी सुकट, कधी नारळ, क्वचित रोकड. नादावर पोट चालवायची वेळ आली तर नाद मरतो म्हणतात. तिचा मेला नाही, एवढं मी जवळून पाहिलेलं आहे. उलट मजुरीच्या गोधडीत ती फुकटच्या गोधडीपेक्षा चार टाके जास्त घालायची.

खरी रोकड यायची ती नमनवाल्यांकडून. रत्नागिरीकडे शिमग्याला पालख्या निघतात. शहरात भैरीची पालखी, तो बारा वाड्यांचा देव. त्याच दिवसांत गावोगाव नमन-खेळे उभे राहतात. गण होतो, गौळण होते, मग वगनाट्य. मृदंगावर थाप पडली की रात्र कुठे गेली कळत नाही. त्यात आम्हा पोरांचा जीव अडकलेला असायचा तो संकासुरात. अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच निमुळतं काळं टोपरं, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. हे टोपरं आणि दाढी आजी करायची. दाढीला घायपाताचा वाख सोलून, धुऊन, उन्हात पांढरा करून घ्यायचा. टोपऱ्याच्या आत बांबूच्या कांब्या. एकदा मंडळाचे लोक म्हणाले, यंदा जरा आणखी भेसूर कर. आजीनं सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "संकासुराला बगून पोर पळालं पायजे, आनि लगीच फिरून आलं पायजे. तुमी म्हनता तसा केला तर त्ये येनार न्हाय." पुढे कलेवर पुष्कळ वाचलं, चर्चासत्रांत टिपणंही काढली. या वाक्याच्या पुढे मला फारसं काही सापडलं नाही.

गौळणींच्या वेशात सगळे पुरुष, दिवसा नांगर धरणारे आणि होडीवर जाणारे. त्यांच्या खांद्यांना चोळी बसवणं ही वेगळीच विद्या होती. काखेत एक तिरकी पट्टी घालायची, म्हणजे हात वर गेला तरी शिवण उसवत नाही. आजी मापं घ्यायला सुतळी वापरी आणि सुतळीला गाठी मारून ठेवी. कुठली गाठ कुणाच्या दंडाची हे तिच्या डोक्यात.

आता वहीबद्दल.

त्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यावर पडदा येतोय असं कळलं. मोतीबिंदूच होता, पुढे शिबिरात शस्त्रक्रिया होऊन नीटही झाला, पण तेव्हा तिनं धसका घेतला. दिसायचं बंद झालं तर हातातलं सगळं जाईल. मग एका दुपारी तिनं मला विचारलं, शाळेत तुला लिहायला शिकवतात ते नुसतं पुस्तकातलं उतरवायला, का बोललेलंही लिहिता येतं? मी म्हटलं, येतं. माझी शंभर पानी वही होती, मागच्या बाजूला पाढे छापलेली. त्यात तिला येणारं सगळं लिहायचं ठरलं.

मला वाटलं, ती सांगेल आणि मी उतरवीन. पण तिला सांगता येईना. हात सगळं जाणत होते, तोंडाला त्यातलं काही माहीत नव्हतं. "हे असं," म्हणून ती टाका घालून दाखवी. 'हे असं' वहीत कसं लिहिणार? तेव्हा तिनं तोड काढली. तू बघ, तुझ्या शब्दांत लिही, आणि मग मला वाचून दाखव. तू वाचशील तेवढंच मी करीन. एक सूतही आपल्या मनचं करणार नाही.

पहिल्याच दिवशी जाळ्याची गाठ होती. ती तिनं मिरकरवाड्याच्या भाभीकडून उचललेली. भाभी मासळीची पाटी घेऊन आमच्या वाडीत यायची, तिच्या घरचे सगळे दर्यावर. पावसात बंदरात जाळी दुरुस्त करत बसतात तेव्हा मारायची ती गाठ. आजी तिनं शिंकी बांधायची. मी बराच वेळ बघून लिहिलं: दोरा खालून घरात घालावा, फिरवावा, स्वतःच्या खालून काढून ओढावा. वाचून दाखवलं. आजीनं अक्षरशः तेवढंच केलं. ओढलं, आणि गाठ सुटून दोरा हातात आला.

"फिरवावा म्हंजे कुटनं? मागनं का फुडनं?"

मी घातलं, मागून. पुन्हा वाचलं. या खेपेला तिनं घराच्या एकाच बाजूच्या दोऱ्यामागून फिरवलं. पुन्हा सुटली. घराला दोन पाय असतात आणि दोरा दोन्ही पायांच्या मागून जायला हवा, हे तिला अर्थातच माहीत होतं. आयुष्यभर ती तीच गाठ मारत आली होती. पण मी लिहिलं नव्हतं म्हणून तिनं केलं नाही. संध्याकाळी वहीत वाक्य बसलं: दोरा खालून घरात घालावा, घराच्या दोन्ही पायांच्या मागून फिरवून पुढे आणावा आणि स्वतःच्याच खालून काढून ओढावा. गाठ बसली. आजीनं ती दाताखाली धरून ओढून पाहिली आणि वही मिटायला सांगितली.

अशी ती सुट्टी गेली, मग पावसाळा गेला, मग पुढची दोन वर्षं. साखळी टाका, काजटाका, धावदोऱ्याचे वळण, गोधडीचा कोपरा, कागदी झेंडूच्या पाकळीला सुईनं मुरड कशी पाडायची, सुपाला खळ लावताना ती किती घट्ट असावी. 'थोडं', 'नीट', 'व्यवस्थित' हे शब्द तिनं वहीतून हद्दपार केले. "नीट म्हंजे किती?" असं ती विचारायची. खळ बोटावरून सोडली की तार धरेल पण थेंब पडणार नाही इतकी, असं लिहिल्यावर तिचं समाधान झालं. मला कंटाळा यायचा, वाडीतली पोरं चिडवायची, पोरगा सुईदोरा घेऊन बसतो म्हणून. मी तक्रार केली तर म्हणाली, "रत्नांग्रीत शिंपी हायत न्हवं? त्यातली बाई किती बगितलीस रं बाला?" तेव्हा शिंपीआळीत एकही बाई नव्हती. पोरांना सांगायला मला आयतं उत्तर मिळालं.

पण वहीची सगळ्यांत मोठी अट वेगळीच होती. कुठलाही नमुना लिहायला घेतला की ती थांबवायची. "आदी नाव लिव. कुनाकडनं आलं त्ये. मंग फुडचं."

प्रत्येक पानाची पहिली ओळ म्हणून नाव. जाळ्याची गाठ: मिरकरवाड्याची भाभी. काखेतली तिरकी पट्टी: शिंपीआळीतले म्हातारे शिंपी. दसुतीवरची वेल: पोस्टमास्तरीणबाई, त्या 'स्त्री' मासिकातले भरतकामाचे नमुने आजीला दाखवत, आजी चित्र बघून उचली. पण पान पोस्टमास्तरीणबाईंच्याच नावे, मासिक ज्यांच्या हातून आलं त्यांच्या. काथ्या वळायची रीत: भाट्याच्या बाजूच्या एक म्हाताऱ्या बाई, ज्यांचं नाव तिला आठवेना. मग ती उठली, डोक्यावर टोपलं घेतलं आणि भाट्याला चालत गेली. नाव विचारून संध्याकाळी परत आली. त्या बाईंना जाऊन वर्षं झाली होती. नाव सुनेकडून कळलं. तोवर ते पान कोरं ठेवायला लावलं होतं.

मी एकदा म्हटलं, अगं, ही गोधडीची कड तर तुझीच आहे, कुणी शिकवलेली नाही, इथे तुझं नाव घालू. ती कड म्हणजे अर्धगोल कमानींची रांग, कमानीच्या पोटात कमान आणि मधून किरणांसारखे टाके. तिनं जरा विचार केला आणि सांगितलं, राजाचं नाव लिही.

राजा म्हणजे थिबा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि तो इथेच म्हातारा झाला. आज ज्याला थिबा पॅलेस म्हणतात तो वाडा 1910च्या सुमारास बांधून झाला. सहा वर्षांत, 1916च्या डिसेंबरात राजा गेला. त्या लाल चिऱ्याच्या वाड्याला लाकडी कोरीव कामाच्या अर्धगोल खिडक्या आहेत. आजी लहानपणी त्या बाजूला गुरं न्यायची. गुरं चरत आणि ही खिडकी बघत बसे. हात लावता येत नाही म्हणून आधी शेणावर बोटांनी काढली, मग कापडावर. अंगणातल्या त्या कमानी कुठून आल्या हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, राजाला कुठे ठाऊक होतं? त्यानं कुठे शिकवलं? आणि खिडकी तर सुतारानं केली असेल.

"सुताराचं नाव म्हाईत हाय तुला? न्हाय ना. मंग राजाचं लिव. त्येला हितं कोन इचारनार हाय?"

वहीत आहे तसं: 'राजाची खिडकी. थिबा राजाकडून.' खाली चौथीतल्या अक्षरात दीड पान मजकूर. आजी गेल्यानंतर, 2012च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीचं दर्शन घेऊन गेले. पेपरात ते वाचलं आणि आजीला सांगावंसं वाटलं, की आला गं विचारायला कोणीतरी, राजा जाऊन शहाण्णव वर्षं झाली तेव्हा.

वहीइतकीच दुसरी एक गोष्ट माझ्या हातून तिनं लिहून घेतली. 1983चा शिमगा. संप वर्ष उलटूनही चालूच होता. मुंबईत वडील कधी हमाली, कधी भाजीच्या गाडीवर. नमनाच्या मंडळानं त्या वर्षी टोपरी, दाढी आणि चोळ्यांचे पैसे एकरकमी दिले. आजीनं ते लुगड्याच्या गाठीत बांधले आणि मला घेऊन पोस्टात गेली. खिडकीवरच्या माणसानं फॉर्म हातात देताना दोनदा विचारलं, मुंबईहून यायची का मुंबईला जायची? कोकणातल्या म्हातारीनं मुंबईच्या मुलाला मनिऑर्डर करायची हे त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. फॉर्म मी भरला. तळाशी संदेशाला थोडी जागा असायची. मी लिहायला लागलो, ती. बाबांना सा. न.

"थांब," आजी म्हणाली. "आदी नाव लिव. पैसं कुनाचं त्ये."

मग त्या इवल्याशा जागेत एवढंच मावलं: हे पैसे नमनवाल्यांचे आहेत. दाढी आणि टोपरे. त्यांना विसरू नये. मुलं बरी आहेत, हे लिहायला जागा उरली नाही. ती म्हणाली, पैसे गेले म्हणजे बरी आहेत हे कळतं.

वडिलांना गिरणीनं पुन्हा घेतलं नाही. पुढे ते एका इमारतीवर वॉचमन लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. शिमग्याला गावी आले की त्या मंडळाचा खेळ आमच्या अंगणात करायला लावत आणि विडा ठेवत. मंडळातली नवी पोरं विचारत, काका, आमच्यावर एवढा लोभ कसा? ते सांगत नसत. सांगायला हवं होतं असं मला वाटतं, पण त्या पिढीच्या पुरुषांना आईच्या मजुरीवर जगल्याचं बोलता येत नसे.

इथे एक गोष्ट आजीच्या विरुद्ध लिहायला हवी. वही लिहायला मी, आणि चिंध्या निवडायला, दोरा गुंडाळायला, पाणी भरायला बहीण. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हाताची माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तिलाही वहीत लिहायचं होतं. आजीनं तिला लिहू दिलं नाही. पोरीनं करायचं असतं, लिहायचं काय, असा तिचा हिशेब. मला चिडवणाऱ्या पोरांना शिंप्याचं उदाहरण देणारी बाई स्वतःच्या नातीला मात्र त्याच जुन्या दोरीनं बांधत होती. हा अन्याय होता आणि बहिणीनं तो बोलून दाखवलेला आहे, आजीच्या तोंडावरही. आजी त्यावर गप्प बसली. बाकी कशावर ती गप्प बसल्याचं मला आठवत नाही. आज बहीण विरारला शिलाईचं काम करते. चार बायका तिच्या हाताखाली आहेत. आजीच्या हातातलं सगळं तिच्याकडे गेलं, माझ्याकडे नुसते शब्द आले. वाटणीत वही तिनं मागून घेतली आणि ते योग्यच झालं. पाढ्यांच्या पानांवर उरलेल्या जागेत तिनं स्वतःचे नमुने लिहिलेत. पहिली ओळ नाव. त्यातली दोन पानं आजीच्या नावे आहेत. वहीत आजीचं नाव येतं ते फक्त तिथे.

नोकरी लागल्यावर कोय कलमाचं पत्रक हे माझं पहिलं काम. विषय कोकणातल्या माणसाला नवा नाही: दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस कोवळ्या पानांचं रोप घ्यायचं, वरून छाटायचं, मधोमध उभी चीर द्यायची, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप घेऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायची. वरिष्ठांनी मसुदा वाचून ठीक आहे म्हटलं. मी तो सुट्टीत गावी नेला आणि आजीला वाचून दाखवला. तिनं परसातून कोयीचं रोप उपटून आणलं, विळी घेतली, आणि वहीच्या दिवसांसारखी बसली. वाच म्हणाली. मी वाचत गेलो, ती करत गेली. काडी बसवायची वेळ आली तेव्हा थांबली. काडी रोपापेक्षा बारीक होती.

"मदी बसवू का कडंला?"

पत्रकात ते नव्हतं. काडी बारीक असेल तर ती चिरेच्या मधोमध न बसवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूला सालीला साल भिडते. नाहीतर कलम जगत नाही. माळ्याला हे हातानं माहीत असतं म्हणून तो सांगत नाही, आणि पुस्तकवाला काडी नेहमी मापाचीच धरतो. मी ते वाक्य घातलं. पत्रक छापून आलं तेव्हा त्यावर कार्यालयाचं नाव होतं, लेखकाचं नसतंच. माझ्या स्थळप्रतीवर मी पेन्सिलीनं पहिल्या ओळीच्या वर लिहिलं, काडीची कड: आजीकडून. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रकाच्या माझ्या प्रतीवर असं एखादं नाव आहे. कुणी गोळपचा बागायतदार, कुणी कलमं विकणारी बाई, कुणी कार्यालयातला शिपाई. छापलेल्यात ती नावं कधी आली नाहीत. दोन वेळा प्रयत्न केला, नियमात बसत नाही असं उत्तर मिळालं. हा लेख नियमात बसवायचा नाही, म्हणून इथे लिहितो.

आजी 2007च्या पावसाळ्यात गेली. ऐंशीच्या पुढची असावी. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. शेवटपर्यंत पान खायची आणि सुई मागायची. दिवस झाल्यावर आम्ही पेट्या उघडल्या तर तिच्या हातचं घरात जवळजवळ काही नव्हतं. एक फाटकी गोधडी, मण्यांचं तोरण तुटलेलं, सुतळीचा गाठी मारलेला गुंडा. गाठी कुणाच्या मापाच्या हे आता सांगणारं कोणी नाही. बाकी सगळं तिनं दिलेलं. गोधड्या तर रत्नागिरीत आणि आसपास कुठे कुठे गेल्या असतील. मुलींबरोबर संगमेश्वर, लांजा, राजापूर, आणि मुंबईच्या चाळींतही. बहिणीनं आणि मी त्या शोधायला सुरुवात केली आहे. परत मागायच्या नाहीत. तिनं दिल्या त्या दिल्या. फक्त बघायच्या आहेत, आणि त्या कुणाला, कधी, कशाच्या बदल्यात मिळाल्या ते लिहून घ्यायचं आहे. वहीत 'कुणाकडून' आहे, 'कुणाला' नाही. ते तिनं कधी लिहू दिलं नाही.

तेव्हा तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणाखाली अशी जुनी गोधडी असेल आणि तिच्या कडेला अर्धगोल खिडक्यांची रांग असेल, तर ती टाकून देऊ नका, मला कळवा. ओळखायची खूण सांगतो. बाजारातल्या नक्षीला वरून ठिगळ लावलेलं असतं, ते एकाच बाजूनं दिसतं. आजीच्या खिडकीला ठिगळ नाही, ती नुसत्या धावदोऱ्याची आहे. गोधडी उलटून बघा. दोन्ही बाजूंना खिडकी सारखीच दिसली तर ती तिची.